कूलरला जोडलेल्या थेट नळीवर कॉक लावा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

होळी झाली आणि आमच्या धंद्याचा हंगाम लागला. माळ्यावर टाकलेले, गच्चीत उभे केलेले, बाल्कनीत जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेले कूलर खाली उतरू लागले आहेत. सकाळी सातपासून माझा फोन वाजतो. सक्करदऱ्याकडे माझं लहानसं दुकान आहे. कूलर बनवणं, दुरुस्त करणं, दरवर्षी ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या चौकटी, भरून देणं हे काम मी 1988 पासून करतो आहे. मामाच्या हाताखाली पत्रा कापायला शिकलो तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता माझा मुलगा माझ्या हाताखाली आहे. वर्तमानपत्राला पत्र मी पहिल्यांदाच लिहितो आहे. लांबलं तर सांभाळून घ्या, काटछाट करावी लागली तरी आकडे मात्र राहू द्या.

आपल्याकडे दर उन्हाळ्यात पाणी वाचवण्याबद्दल मजकूर येतो. दाढी करताना नळ बंद ठेवा, शॉवर सोडून बादलीनं आंघोळ करा, गाडी ओल्या फडक्यानं पुसा. सगळं खरं आहे आणि आमच्या घरी ते पाळतो. पण नागपूरच्या घरात मार्चपासून जूनपर्यंत एक जास्तीचा माणूस राहायला येतो आणि त्याच्या पाण्याचा हिशेब कोणीच मांडत नाही. तो माणूस म्हणजे कूलर. माझं पोट त्याच्यावर चालतं, म्हणून त्याचा हिशेब मीच द्यायला हवा.

मला हे सुचलं 2019 साली. त्या वर्षीचा जुलै नागपूरकरांना आठवत असेल. एरवी जुलै लागला की आम्ही लोकांच्या ताट्या काढून टाक्या पुसून देतो. त्या वर्षी पाऊसच येईना, उकाडा हटेना आणि कूलर तसेच चालू राहिले. आदल्या वर्षीही पाऊस कमी झाला होता. वरच्या अंगाला मध्य प्रदेशात पेंच नदीवरच चौराईचं धरण झालं, त्यामुळे खाली येणारं पाणी आणखी घटलं. नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण मृतसाठ्यावर गेलं. पेंचच्या भरवशावर कधी काळजी न केलेल्या या शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. तेव्हा नंदनवनमधल्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "भाऊ, टाकी पुरत नाही. कूलर दिवसाला किती पाणी पेते ते तरी सांगा, म्हणजे तेवढं बाजूला काढून ठेवतो."

मला सांगता येईना. तीस वर्षं कूलर विकले. पंखा किती इंची, मोटर किती वॅटची, टाकी किती लिटरची हे झोपेतही सांगेन. पण तासाला किती पाणी उडतं हे मी कधी मोजलंच नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच रात्री घरच्या कूलरवर मोजायला सुरुवात केली, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात पुन्हा मोजलं. घरचा कूलर पत्र्याचा आहे, 18 इंची पंख्याचा. टाकीचा तळ साठ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद. म्हणजे पाणी एक सेंटिमीटर उतरलं की 3.6 लिटर गेलं. मुलाची शाळेतली लाकडी फूटपट्टी टाकीच्या कोपऱ्यात तारेनं उभी बांधली, पाण्याची नळी बंद केली आणि दर तासाला टॉर्च मारून पाहिलं. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास तासाला 12 लिटर उडत होतं. रात्री बारानंतर ते पाच-साडेपाचवर आलं. दुपारी बारापासून पहाटेपर्यंत चालवला तर दिवसाचे 130-140 लिटर होतात. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी धरतात. म्हणजे आमच्या घरात माणसं चार आणि पाण्याला तोंडं पाच. हॉलमध्ये ठेवतात तो मोठा कूलर याहून जास्त पितो.

यावर कोणी म्हणेल, मग काय कूलर बंद करायचे? नाही. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत पारा 45-46 पर्यंत जातो. स्लॅबखालच्या खोलीत रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर तव्यासारखी लागते. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तान्हं मूल आहे, तिथे कूलर लागतोच. जे पाणी ताटीतून उडून हवा गार करतं ते कामाला आलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहितो आहे त्या पाण्याबद्दल जे ताटीपर्यंत पोहोचतच नाही.

मानेवाडा रोडवरच्या एका इमारतीत मला बोलावलं होतं. दुसऱ्या मजल्यावर एकट्या आजी राहतात. तक्रार कूलरची नव्हतीच, खालच्या मजल्यावरच्यांच्या भिंतीला ओल येते म्हणून भांडण लागलं होतं. मी मागच्या बोळात जाऊन वर पाहिलं. मे महिना, सगळीकडे धूळ, बोळातलं गवत वाळून काडी झालेलं. आणि त्या भिंतीवर दुसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत हातभर रुंदीचा हिरवागार शेवाळाचा पट्टा. पाइपाच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवलेलं, कोवळ्या तांबूस पानांचं, टवटवीत. मी बाहेरच्या बाजूनं पाणी पडत होतं तिथे पंधरा लिटरची बादली लावली आणि घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटांत बादली भरली. आजींचा कूलर त्या वेळी बंद होता.

झालं होतं एवढंच की टाकीतला फ्लोट बसला होता. फ्लोट म्हणजे संडासाच्या टाकीत असतो तसा गोळा. पाणी भरलं की वर येतो आणि नळीचं तोंड दाबून धरतो. कूलरच्या टाकीत क्षार साचतात. फ्लोटच्या दांडीवर पांढरा थर चढतो, रबराचा वायसर कडक होतो, दांडी पूर्ण वर जात नाही. मग पाणी भरत राहतं आणि वरच्या भोकातून बाहेर पडत राहतं. ती नळी छतावरच्या टाकीला जोडलेली, म्हणजे दिवसरात्र पाण्याचा दाब. चाळीस मिनिटांना पंधरा लिटर म्हणजे दिवसाला 540 लिटर. चार माणसांचं रोजचं पाणी एका भिंतीनं प्यायलं. होळीपासून मृगापर्यंत तीन महिने धरले तर जवळजवळ 49 हजार लिटर. दहा हजार लिटरचे पाच टँकर!

आजी आकडा ऐकून खुर्चीतच बसून राहिल्या. त्या म्हणाल्या, "मी तर भांडी धुतलेलं पाणीसुद्धा झाडांना टाकते रे बाबा." ते मी डोळ्यांनी पाहत होतो. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन घमेली होती, एक धुण्याचं, एक खळबळण्याचं. एवढी जपणारी बाई, आणि मागच्या भिंतीवरून चार माणसांचं पाणी वाहून जात होतं. दिसत नव्हतं म्हणून.

ती नळी मीच जोडून दिली होती. दहा वर्षांपूर्वी आजींचे मिस्टर होते तेव्हा. त्यांनीच सांगितलं होतं, बादल्या उचलवत नाहीत, थेट कनेक्शन करून द्या. मी छतावरच्या टाकीच्या पाइपाला टी (तीन तोंडांचा जोड) मारून अर्ध्या इंची नळी आणली, फ्लोट लावला आणि पैसे घेतले. मध्ये कॉक लावला नाही. अशा शेकडो नळ्या मी या शहरात लावल्या आहेत, माझ्यासारख्या इतर कारागिरांनीही लावल्या आहेत. गिऱ्हाइकाला सोय होती, आम्हाला चार पैसे सुटत होते. शहरात जिथे चोवीस तास पाण्याची सोय झाली तिथे तर काही जण छतावरची टाकी टाळून सरळ नळाच्या लाइनीवरूनच कूलर जोडून मागतात. तिथे फ्लोट बसला तर पाणी कधी थांबतच नाही.

उलट शहराच्या कडेच्या वस्त्यांत मी काम करतो तिथे टँकर येतो. तिथल्या बाया ड्रममधून बादलीनं कूलर भरतात. त्यांच्याकडे पाण्याचा पक्का हिशेब असतो. "दुपारी चार बाल्ट्या, राती दोन." विचारायच्या आधी सांगतात. टाकीला बारीक भोक पडलं तरी त्याच दिवशी त्यांचा फोन येतो, कारण पाचवी बादली लागली म्हणजे काहीतरी बिघडलं हे त्यांना कळतं. थेट नळीवाल्या घरी टाकी दोन-दोन वर्षं गळत असते. बादलीनं भरणाऱ्याच्या हाताला पाण्याचं वजन माहीत असतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की थेट नळी काढा, नाहीतर तिच्यावर कॉक लावा आणि तो बंद ठेवा. दिवसातून दोन वेळा उघडायचा, टाकी भरेपर्यंत तिथेच उभं राहायचं, बंद करायचा. कॉकला आणि मजुरीला मिळून फार खर्च येत नाही. ज्यांना खरंच उठवत नाही, जे एकटे आहेत, त्यांनी फ्लोट ठेवावा, पण दर हंगामाला वायसर बदलून घ्यावा आणि महिन्यातून एकदा दांडीला लिंबाची फोड किंवा थोडं व्हिनेगर लावून क्षार काढावा. आजींकडे मी आता तेच करतो, पैसे न घेता.

आपली टाकी गळते की नाही हे घरच्या घरी कळतं. रात्री कूलर बंद करा, नळी बंद करा, पाण्याच्या पातळीला टाकीच्या आतून खडूनं रेघ मारा. सकाळी पाहा. नुसत्या हवेनं एखादी सूतभर पातळी उतरेल. बोटभर उतरली असेल तर टाकीला भोक आहे. पत्र्याच्या कूलरचा तळ नेहमी कोपऱ्यात सडतो, जिथे स्टँडचा अँगल लागतो. आतून घासून कोरडा करून डांबराचा हात दिला की हंगाम निघतो. नंतर ती रेघ न पुसता नळी उघडा आणि टाकी भरू द्या. भरल्यावर बाहेरच्या भोकाशी हात धरा. थेंब जरी पडला तरी फ्लोट पाहायला हवा.

इथे थांबून एक सांगतो, कारण बादलीनं भरा म्हणतो आहे. प्लग काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी टाकू नका. बटण बंद करून चालत नाही, प्लगच काढायचा. पत्र्याच्या कूलरला करंट उतरून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात, आणि पुष्कळदा पाणी भरतानाच जातात. ओली फरशी, अनवाणी पाय, एका हातात बादली आणि दुसरा हात पत्र्यावर. अर्थिंग तपासून घ्या. पंपाच्या वायरीला जोड असेल तर ती वायरच बदला, टेप लावून काम चालवू नका. लहान मुलाला कधीही कूलर भरायला सांगू नका. माझ्या ओळखीतल्या एका घरात असं झालं आहे. त्या घरी मी अजून कूलरच्या कामाला जाऊ शकत नाही.

आता चालवण्याबद्दल. लोक खोली बंद करून कूलर लावतात आणि म्हणतात की गार होत नाही, चिकचिक होते. एसीची सवय झाली की असं होतं. कूलरला हवा बाहेरची लागते, कोरडी. ती ओल्या ताटीतून आत येते, खोलीतून फिरते आणि समोरच्या बाजूनं तिला बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. वाट नसेल तर खोलीतली ओल वाढते, घाम सुकत नाही, म्हणून माणूस कूलर आणखी जोरात आणि आणखी वेळ चालवतो. एका घरी मी नुसती खिडकी उघडून दिली आणि दोनशे रुपये न घेता परत आलो. त्यांना वाटलं होतं पंप गेला आहे.

रात्री बारा-एकनंतर पंप सतत चालू ठेवायची गरज नसते. ताट्या चिंब असतात, त्या वाळेपर्यंत नुसत्या पंख्यानं गारवा येतो. मग दहा मिनिटं पंप लावा, पुन्हा बंद करा. आमच्या घरी हे काम माझी बायको करते. तिला रात्री जाग येतेच. आणि मृग लागून हवेत ओल आली की पंप पूर्ण बंद. ओलसर हवेत पाणी फारसं उडत नाही, त्यामुळे फारसं गारही होत नाही. तरी लोक जुलैत पंप चालवतात, फक्त सवयीनं.

ताट्यांचं गवत दरवर्षी बदला, यात माझा धंदा आहे हे मला माहीत आहे, पण कारण ऐका. जुनं गवत खाली बसतं आणि वर चार बोटं रिकामी जागा होते. गरम हवा तिथूनच आत घुसते. कूलर चालू, पाणी चालू, खोली गरम. हनीकॉम्बचे पॅड असतील तर ते काही वर्षं टिकतात, पण क्षारानं बुजतात, त्यांना बाहेरून ब्रश मारावा लागतो. कूलर उन्हात असेल तर वरून हिरवी जाळी बांधा, फक्त ताट्यांपासून हातभर दूर. टाकीचं पाणी तापून उगाच उडतं ते वाचतं. आमच्या लहानपणी महाल भागातल्या वाड्यांत दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावत आणि आम्हा पोरांना तांब्यानं त्यांच्यावर पाणी मारायला बसवत. एक-दोन बादल्यांत दुपार निघायची आणि घरभर वाळ्याचा वास राहायचा. ते दिवस परत येणार नाहीत, तेव्हाच्या मातीच्या भिंतीही राहिल्या नाहीत.

पाणी कोणतं टाकायचं हाही प्रश्न येतो. घरात विहीर असेल, बोअर असेल तर कूलरला तेच वापरा. जड पाण्यानं ताट्या लवकर पांढऱ्या पडतात, पंप अडकतो, मला जास्त चकरा माराव्या लागतात. असू द्या. प्यायचं पाणी तोतलाडोहातून आणि कन्हान नदीतून आणून, गाळून, शुद्ध करून आपल्यापर्यंत पोहोचवायचं आणि ते भिंतीवरून सोडून द्यायचं यापेक्षा ताटी बदललेली बरी. आरओ मशीनचं सोडलेलं पाणी मात्र कूलरमध्ये टाकू नका. त्यात क्षार आधीच वाढलेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. एसीच्या नळीतून पडणारं पाणी कूलरला उत्तम, त्यात क्षार नसतात. पण आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की एसीला पाणी फारसं पडतच नाही.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करा. पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि सात-आठ दिवसांत टाकीतलं पाणी चांगलंच जड होतं. दुसरं कारण डेंग्यूचा डास. त्याला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा नेम मोडायचा नाही. नुसतं पाणी सोडून भागत नाही. अंडी पाण्याच्या वरच्या रेघेला टाकीच्या भिंतीवर चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात. त्या रेघेवर काथ्यानं घासायचं. निघालेलं पाणी गटारात सोडू नका. ओटा, जिना, अंगण त्यानं धुवा, संडासाला वापरा. तुळशीला आणि कुंडीतल्या झाडांना घालू नका. आमच्याकडे एक उन्हाळा बायकोनं चांगल्या मनानं तुळशीला तेच पाणी घातलं आणि पानांच्या कडा करपून गेल्या.

कूलर सोडून दोन गोष्टी. संध्याकाळी स्लॅबवर पाइपानं पाणी मारायची पद्धत आपल्याकडे आहे. आमच्या अर्ध्या इंची पाइपातून मिनिटाला एक बादली पडते. पंधरा मिनिटं मारलं की सव्वादोनशे लिटर. आणि तासाभरात स्लॅब पुन्हा गरम. त्यापेक्षा मार्चमध्ये स्लॅबला चुन्याचे दोन हात द्या, डिंक घालून. मी तीन वर्षं देतो आहे, वरच्या खोलीत फरक कळतो आणि कूलर उशिरा लावावा लागतो. तसंच दारापुढचा सडा. मातीच्या अंगणात एक तांब्या पाणी शिंपडलं की धूळ बसायची, मातीचा वास यायचा. आता दारापुढे सिमेंटचा रस्ता आहे आणि लोक त्याच्यावर पाइप धरतात. सिमेंटमध्ये काही मुरत नाही, सगळं पाणी नालीत जातं. चार थेंब हातानं शिंपडून रांगोळी काढली तरी सडा होतो.

माझी धाकटी बहीण मौद्याकडे दिलेली आहे. तिच्याकडे धान आहे, पेंचच्या कालव्यावर. पारशिवनी, रामटेक, मौदा, तिकडची कितीतरी शेती या एकाच पाण्यावर आहे, ज्यातून आपले नळ चालतात. 2019 च्या जुलैत मी तिच्याकडे गेलो होतो. पऱ्हे (धानाची रोपं) टाकून महिना होत आला होता, रोवणीची वेळ निघून चालली होती आणि बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, भेगा पडलेल्या. पऱ्हे पिवळे पडले होते. जावई, म्हणजे बहिणीचे यजमान, बांधावर उकिडवे बसून होते, बोलत नव्हते. शहराला प्यायला पुरावं म्हणून कालव्याला पाणी सोडलं नव्हतं, आणि प्यायच्या पाण्याला पहिला मान आहे हे त्यांनाही मान्य होतं. जेवताना बहिणीनं विचारलं, "दादा, पेंचचं पाणी नागपूरले प्यालेच लागते ना?" मी हो म्हणालो. नंतर ती म्हणाली, "मंग बराबर आहे. प्याले तर लागतेच."

तेव्हा मी मानेवाड्याची भिंत पाहिलेली नव्हती, ती पुढच्या वर्षी पाहिली. बादली भरत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे जावई बसलेले दिसत होते. त्या दिवसापासून कॉक लावल्याशिवाय मी एकही नळी जोडत नाही. जुन्या गिऱ्हाइकांकडे ताट्या बदलायला गेलो की आधी मागच्या बाजूला जाऊन भिंत पाहतो. शेवाळ दिसलं तर कूलरला हात लावायच्या आधी बादली लावून दाखवतो. सांगून पटत नाही, बादली भरताना पाहिली की पटतं. काही जण म्हणतात, पाण्याचं बिल कितीसं येतं. त्यांना मी मौद्याचं सांगतो.

माझ्या कारागीर भावांना विनंती आहे. या हंगामात आपण सगळे मिळून हजारो घरांत जाणार आहोत. कोणताही अधिकारी, कोणताही पुढारी एवढ्या घरांच्या मागच्या खिडकीपर्यंत पोहोचणार नाही. फ्लोटची दांडी बोटानं वर करून पाहायला अर्धा मिनिट लागतो. तेवढं केल्याशिवाय पैसे घेऊ नका. आणि जे कूलर बनवून विकतात त्यांनी टाकीच्या आत लिटरच्या खुणा रंगवून द्याव्यात, पत्रा वाकवायच्या आधी सहज होतं. मी यंदापासून देतो आहे. दर पाच सेंटिमीटरवर एक रेघ आणि बाजूला आकडा, लाल ऑइलपेंटमध्ये.

मुलाची ती फूटपट्टी अजून आहे. लाकूड फुगलं आहे, आकडे पुसट झाले आहेत, पण चालते. ती मी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे. आपला कूलर मोजून पाहायचा असेल त्यांनी घेऊन जावी, दोन दिवसांनी आणून द्यावी. माझा पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवतो आहे. सध्या ती हनुमाननगरच्या एका गिऱ्हाइकाकडे गेली आहे, शुक्रवारी परत येईल.

आपला नम्र,
एक कूलर कारागीर
सक्करदरा, नागपूर